"पडली असेल" म्हणून विसरलेली तांबी

लघवीच्या तक्रारींविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांवर बहुतेक वेळा नाव नसते. 'एक भगिनी' किंवा 'एक वाचक' एवढेच लिहिलेले असते. मजकूरही थोडक्यात असतो. जळजळ होते, सारखे जावे लागते, गोळ्या घेतल्या की बरे वाटते, महिन्याभराने पुन्हा तेच. या पत्रांना आम्ही आजवर दिलेली उत्तरे चुकीची नव्हती. पाणी भरपूर प्या, लघवी अडवून धरू नका, तपासणी करून घ्या, मधुमेह आहे का ते पाहा. पण एक प्रश्न विचारायला आम्ही विसरत होतो. तो प्रश्न आमच्याच घरात निघाला, तेव्हा ही चूक लक्षात आली.

प्रश्न असा : तुम्ही कधी तांबी बसवून घेतली होती का? घेतली असेल, तर ती आज कुठे आहे?

तांबी म्हणजे कॉपर टी. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच शब्द चालतो. कुटुंबनियोजनाच्या शरई बाजूविषयी ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी आलिमांना विचारावे, तो या लेखाचा विषय नाही. आपल्या कितीतरी भगिनी ही तांबी बसवून घेतात, ही वस्तुस्थिती आहे. त्यांना तिच्याविषयी पूर्ण माहिती मिळाली पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख.

आपाची गोष्ट

आमच्या खालाची थोरली मुलगी, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, तिची ही हकीकत तिच्या परवानगीने सांगत आहोत. "नाव आणि गाव लिहू नका, बाकी सगळं लिहा," असे ती म्हणाली.

आपाची दुसरी मुलगी अडीच महिन्यांची होती. अंगावर पीत होती. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात आपाने तांबी बसवून घेतली. बसवताना एकदम कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. "होतं थोडं," असे म्हणून तिला अर्धा तास पडून राहायला सांगितले. दोन दिवस ओटीपोट दुखले, मग थांबले. महिना-दीड महिन्याने दाखवायला या, असे कार्डावर लिहून दिले होते. पण तेव्हाच घरात नणंदेचे लग्न निघाले, नंतर सासूबाई आजारी पडल्या आणि दाखवायला जाणे राहून गेले.

दीड वर्षाने पाळी चुकली. तपासले तर दिवस गेलेले. तांबी असताना दिवस कसे गेले, म्हणून सगळे चकित झाले. आतून तपासणी झाली, तांबीचे दोरे दिसले नाहीत. सोनोग्राफीत बाळ तेवढे दिसले. तेव्हा सांगण्यात आले, "पडली असेल. कधी कधी बायकांना कळतही नाही." सगळ्यांना ते पटले. पाळीच्या कपड्यातून गेली असेल, संडासात पडली असेल. यथावकाश मुलगा झाला, थाटात अकीका झाला. तांबीची आठवण कोणालाच राहिली नाही.

मुलगा चालायला लागला त्या सुमारास आपाला लघवीची जळजळ सुरू झाली. पुढची चार वर्षे ती त्यातून पुरती कधीच सुटली नाही. तीन डॉक्टर झाले. कधी थेट औषधाच्या दुकानातून मागच्या वेळच्याच गोळ्या आणल्या. कोणी कुळथाचे कढण सांगितले, कोणी मुतखड्याचे चूर्ण. दर वेळी आठ-दहा दिवस बरे जायचे.

या काळात तिचे रोजचे जगणे किती आक्रसले, ते आम्हाला फार उशिरा कळले. एसटीने माहेरी यायचे असेल तर ती आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीपेक्षा तिचे लक्ष संडास कुठे आहे याकडे असायचे. वुजू करून मुसल्ल्यावर उभी राहते तोच पुन्हा कळ. वुजू टिकला की नाही या शंकेने तिची प्रत्येक नमाज घाईची झाली. रमजानमध्ये दिवसभर पाणी नाही, इफ्तारनंतरही भीतीने कमी प्यायची, त्यामुळे जळजळ आणखी वाढायची. आजाऱ्याला दीनने सवलती दिल्या आहेत, त्या तिला माहीतही होत्या. पण सवलत मिळाली म्हणजे इलाज झाला असे नव्हे.

घरात ती फक्त "पोटात दुखतं" एवढेच सांगायची. दुलाभाई काळजी घेणारे, पण नेमके काय विचारावे हे त्यांना कळत नव्हते आणि नेमके काय सांगावे याची तिला लाज वाटत होती.

ईद झाली आणि आठवड्याभरात लघवीतून रक्त गेले. तेव्हा मात्र खाला घाबरली. आम्ही सगळे तिला घेऊन मिरजेला गेलो. सोनोग्राफीत मूत्राशयात लहान लिंबाएवढा खडा दिसला. डॉक्टर जरा थबकले. बाईच्या मूत्राशयात एवढा मोठा खडा सहसा होत नाही, असे म्हणून त्यांनी विचारले, "आधी काही ऑपरेशन? टाके? तांबी वगैरे बसवली होती का?"

खाला म्हणाली, "बसवली होती, पण ती केव्हाच पडली."

"पडलेली कोणी पाहिली?"

कोणीच काही बोलले नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. फिल्म उजेडावर धरली तेव्हा आम्हालाही दिसले. अंड्यासारखा पांढरा खडा, त्याच्या आत इंग्रजी टी अक्षराची काठी आणि तिचा एक हात खड्याबाहेर आलेला. जी तांबी पडली असे सहा वर्षे सगळे धरून चालले होते, ती लघवीच्या पिशवीत होती.

तांबी तिथे पोहोचते कशी?

बायका बोलताना गर्भाशयाला नुसते 'पिशवी' म्हणतात आणि मूत्राशयाला 'लघवीची पिशवी'. या दोन पिशव्या एकमेकींना अगदी चिकटून असतात. लघवीची पिशवी पुढे, गर्भपिशवी तिच्या मागे. दोघींच्या मध्ये फक्त त्यांच्या भिंती.

तांबी असते प्लास्टिकची, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. सरकारी दवाखान्यांत मिळणारी ३८० ए जातीची तांबी साधारण ३६ मिलिमीटर उंच आणि ३२ मिलिमीटर रुंद असते. ती १० वर्षे चालते. ३७५ जातीची ५ वर्षे चालते. पंख मिटवून ती एका बारीक नळीतून गर्भपिशवीत सोडतात, आत गेल्यावर पंख उघडतात. खालच्या टोकाला दोन दोरे असतात. ते गर्भपिशवीच्या तोंडातून थोडे बाहेर राहतात. तांबी जागेवर आहे, याची खूण म्हणजे हे दोरे.

बसवताना नळी जास्त आत गेली, किंवा गर्भपिशवी मागे झुकलेली आहे हे आधी तपासताना लक्षात आले नाही, तर तांबी पिशवीच्या भिंतीत रुतते किंवा भिंत भेदून पलीकडे जाते. कधी ती आधी भिंतीत थोडीशी रुतते आणि गर्भपिशवीच्या आकुंचनाने महिन्या-वर्षांत हळूहळू बाहेर सरकते. बहुतेक वेळा ती पोटाच्या पोकळीत जाते. समोरच्या भिंतीतून गेली तर पुढे लघवीची पिशवी असते. अगदी क्वचित ती मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीजवळ जाऊन त्या नळीवर दाब आणते, मग त्या बाजूच्या मूत्रपिंडाला सूज येते.

लघवीत अनेक क्षार विरघळलेले असतात. बोअरचे पाणी रोज उकळले की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर चढतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मूत्राशयात बाहेरची कोणतीही वस्तू राहिली की तिच्यावर असाच थर चढत जातो. जंतुसंसर्ग असेल तर तो आणखी वेगाने चढतो. वर्षा-दोन वर्षांत त्याचा खडा होतो. खडा आणि तांबी दोन्हींवर जंतू ठाण मांडतात. औषधाने लघवीतले जंतू मरतात, खड्याच्या आत दडलेले उरतात. म्हणून गोळ्या संपल्या की जळजळ परत येते. आतला मूळ सांगाडाच प्लास्टिकचा आणि तांब्याचा असल्यामुळे कढणाने किंवा चूर्णाने हा खडा विरघळणे शक्य नाही.

हे किती वेळा घडते?

इथे आम्हाला नीट सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून उद्या दहा जणी घाबरून तांबी काढायला जातील.

हे फार क्वचित घडते. युरोपातील सहा देशांत ६१ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गर्भपिशवीला छिद्र पडण्याचे प्रमाण तांब्याच्या साधनांत हजारी सुमारे १.१ आणि संप्रेरक सोडणाऱ्या साधनांत हजारी १.४ इतके आढळले. म्हणजे हजार जणींत एक किंवा दोन. इतक्या स्त्रियांमध्ये अशा एकूण ८१ घटना झाल्या आणि त्यांतल्या एकीलाही गंभीर आजार झाला नाही. छिद्र पडलेल्यांतही तांबी मूत्राशयात जाणे ही त्याहून विरळ गोष्ट. तरीही भारतासह अनेक देशांतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी केलेल्या आहेत.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपाच्या बाबतीत लागू पडणारी आहे. बाळाला अंगावर पाजत असताना साधन बसवले, तर छिद्राचा धोका सुमारे सहा पट आढळला. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत गर्भपिशवी मऊ असते, तिची भिंत पातळ असते. सहा पट हा आकडा मोठा वाटतो, पण हजारात एकाचे सहा झाले तरी हजारातल्या ९९४ जणींना काहीच होत नाही. म्हणूनच बाळाला पाजणाऱ्या आईला तांबी बसवू नये, असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. बसवणारा हात सरावाचा असावा आणि नंतरची तपासणी चुकवू नये, असे ते म्हणते.

दुसऱ्या बाजूचाही विचार करा. लघवीची जळजळ होणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या त्रासाचा तांबीशी काहीही संबंध नसतो. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी लघवीचा संसर्ग होतो, तो साध्या उपचाराने बरा होतो. तेव्हा तांबी आहे आणि एकदा जळजळ झाली, म्हणून घाबरून जाऊ नये.

'पडली' कधी म्हणायचे?

आपाच्या सगळ्या हकिकतीत चूक नेमकी कुठे झाली, यावर आम्ही घरात पुष्कळ बोललो. तांबी भिंतीतून गेली ही दुर्घटना होती, ती चांगल्या हातूनही होऊ शकते. पण दोरे दिसत नाहीत हे कळल्यावर "पडली असेल" म्हणून विषय संपवला, तिथे सहा वर्षे वाया गेली.

तांबी पडते, हे खरे आहे. साधारण वीस जणींत एकीची तांबी आपोआप बाहेर येते, तेही बहुधा पहिल्या वर्षात. पण दोरे न दिसण्याची कारणे चार आहेत.

पहिले, दोरे वर ओढले गेले आहेत आणि तांबी जागेवरच आहे. हे पुष्कळदा आढळते.
दुसरे, दिवस गेले आहेत, गर्भपिशवी वाढल्यामुळे दोरे वर गेले आहेत.
तिसरे, तांबी पडून गेली आहे.
चौथे, तांबी भिंत ओलांडून बाहेर गेली आहे.

या चारांतले खरे कारण अंदाजाने ठरवता येत नाही. आधी गर्भचाचणी करतात. मग सोनोग्राफी. गर्भपिशवीत तांबी दिसली तर प्रश्न मिटला. दिसली नाही, तर पोटाचा आणि ओटीपोटाचा साधा एक्स-रे काढावा लागतो. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम नावाचे द्रव्य मिसळलेले असते, ते याचसाठी की एक्स-रेमध्ये ती स्पष्ट दिसावी. ती एक्स-रेमध्येही नसेल तरच 'पडली' असे म्हणायचे. अर्थात एखादीने पडलेली तांबी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल तर गोष्ट वेगळी.

आपा तेव्हा गरोदर होती, म्हणून एक्स-रे काढला नाही हे योग्यच झाले. पण 'बाळंतपणानंतर एक्स-रे काढणे' ही एक ओळ तिच्या कागदावर कोणी लिहिली नाही. आपणही विचारले नाही. त्या एका ओळीने तिची चार वर्षांची जळजळ वाचली असती.

आणखी एक बाब. तांबी असताना दिवस गेले, तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावे. गर्भ नळीत तर राहिला नाही ना, हे आधी पाहावे लागते. तो जिवावरचा प्रसंग असतो.

उपचार काय?

बाहेर गेलेली तांबी, त्रास नसला तरी, काढून टाकावी असाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. मूत्राशयातली तांबी तर काढलीच पाहिजे.

आपाची तांबी दुर्बिणीने काढली. पोटावर चीर घेतली नाही. कमरेखालचा भाग बधिर करून लघवीच्या मार्गातून दुर्बीण आत घातली, लेसरने खडा फोडला, तुकडे धुऊन काढले आणि मग चिमट्याने तांबी बाहेर घेतली. काही दिवस लघवीची नळी ठेवली, तेवढ्यात भिंतीवरची जखम भरली. सगळ्यांच्याच बाबतीत हे इतके सोपे नसते. तांबीचा एक भाग भिंतीत घट्ट रुतलेला असेल, गर्भपिशवीतही अडकलेला असेल किंवा खडा फार मोठा असेल, तर पोटातून दुर्बिणीने किंवा चीर घेऊन शस्त्रक्रिया करावी लागते. जितका उशीर, तितके काम वाढते. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे दाखल होण्याआधीच विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे.

घरोघरी करण्यासारख्या गोष्टी

तांबी बसवली की कार्ड मिळते. त्यावर तारीख, तांबीची जात आणि ती कधी काढायची हे लिहिलेले असते. हे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड आपण जपतो, तसेच हेही जपा.

बसवताना असह्य कळ आली, चक्कर आली, नंतर पोट दुखतच राहिले किंवा रक्तस्राव थांबेना, तर "होतं थोडं" यावर समाधान मानू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत जाऊन दाखवा. मात्र पुष्कळदा छिद्र पडतानाही फारसे दुखत नाही, म्हणून दुखले नाही तरी तपासणी टाळू नये.

महिना-दीड महिन्याने, एक पाळी होऊन गेल्यावर, दोरे तपासून घ्या. नंतरही अधूनमधून, विशेषतः पाळी झाल्यावर, हात स्वच्छ धुऊन दोरे हाताला लागतात का हे स्वतः पाहता येते. कसे पाहायचे ते नर्सबाई दाखवतात. दोरे ओढायचे मात्र नाहीत. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवलेल्या तांबीचे दोरे सुरुवातीला हाताला लागत नाहीत. ती जागेवर आहे की नाही हे दवाखान्यातच तपासून घ्यावे.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला, तर दुकानातून गोळ्या आणणे थांबवा. औषध सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करा आणि सोनोग्राफी करून घ्या. डॉक्टरांना आपणहून सांगा : "मी अमुक वर्षी तांबी बसवली होती. ती काढलेली नाही," किंवा "ती पडली असे म्हणतात, पण पाहिली कोणी नाही." त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. लघवीसाठी जाणारी बाई तांबीची गोष्ट सांगत नाही आणि फक्त लघवीचा आजार पाहणारा डॉक्टर तांबीविषयी विचारत नाही. या दोन गोष्टी आपणच जोडून द्यायच्या आहेत.

लघवीतून रक्त जाणे, लघवीची धार मध्येच तुटणे, ओटीपोटात सतत बोचणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वरच्या बाजूला दुखणे असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

आणि आपल्या अम्मी, खाला, फुफी यांनाही विचारा. तांबी येण्याआधी आपल्या देशात १९६५ पासून 'लूप' बसवत असत. वेड्यावाकड्या वळणाचे प्लास्टिकचे ते साधन होते. ते बसवलेल्या कितीतरी जणींनी पुढे ते काढले की नाही, हे त्यांच्याही लक्षात नसेल. पाळी कायमची थांबली म्हणजे आतले साधन विरून गेले असे होत नाही. पाळी थांबून वर्ष झाले की ते काढून घ्यायचे असते.

लाज आणि हया

शेवटी जी गोष्ट सांगायची आहे ती औषधाची नाही.

चार वर्षे आपा गप्प का राहिली, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "कुणाला सांगायचं? अब्बांना? दीराला? डॉक्टरच्या खोलीत सासरे सोबत बसलेले. मी काय बोलणार होते?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. हया हा आपल्या घरांचा दागिना आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण हया वेगळी आणि आजार दडवणे वेगळे. मदीनेच्या अन्सारी स्त्रिया पाळी आणि तहारत यांविषयीचे मसले मोकळेपणाने विचारत असत आणि हयेने त्यांना दीन शिकण्यापासून रोखले नाही, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली आहे. दीनच्या बाबतीत जे विचारणे चालते, ते जीव वाचवण्यासाठी विचारायला आपण का कचरावे?

लेडी डॉक्टर मिळत असेल तर उत्तमच. मूत्ररोगतज्ज्ञ मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषच असतात. लेडी डॉक्टर मिळत नसेल तर गरजेपुरते पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्याला उलेमांनी परवानगी दिलेली आहे. सोबत पती असावा किंवा घरातली जाणती स्त्री असावी. सासरे किंवा दीर सोबत आले असतील तर तपासणीच्या वेळी त्यांनी बाहेर थांबावे. एवढ्यानेही बाईचे तोंड उघडते.

घरातल्या पुरुषांनाही आमचे दोन शब्द. बायको पाणी कमी पिते, बाहेर पडायला कंटाळते, रात्री तीन-चारदा उठते, हे तुम्हालाच आधी दिसते. तेव्हा "काय होतंय?" एवढे विचारून थांबू नका. "लघवीला त्रास होतो का? तांबीचं कार्ड कुठे आहे?" असे विचारा. दुलाभाई आता म्हणतात, "मला एवढे दोन प्रश्न माहीत असते तर."

अल्हमदुलिल्लाह, आपा आता बरी आहे. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला रमजान तिने नीट पाळला. गेल्या महिन्यात ती एसटीने एकटी माहेरी आली, वाटेत दोनदा पाणी प्यायली, असे तिने आल्या आल्या सांगितले. तो एक्स-रे तिने टाकून दिलेला नाही, कपाटावर गुंडाळून ठेवला आहे. वाड्यात कोणी बाळंतीण घरी आली की आपा बाळाला पाहायला जाते आणि सगळे बाहेर गेले की हळूच विचारते, "तांबी बसवलीस का गं? मग कार्ड दाखव बघू. दोरे तपासायला कधी जायचंय?"

ज्या भगिनींनी नाव न लिहिता आम्हाला पत्रे पाठवली, त्यांनाही आमचा हाच प्रश्न आहे. उत्तर आम्हाला पाठवायची गरज नाही. ते तुमच्या डॉक्टरांना सांगा, या आठवड्यातच.